दुखतंय का?

डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. "काका, पायाला काही टेकल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा. अंदाजानं नको, वाटलं तरच." मग त्यांनी दांडीला बसवलेला नायलॉनचा एक तंतू काढला. बरोबर १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो, असा. तो बाबांच्या अंगठ्याखाली टेकवला. तंतू वाकला. बाबा गप्प. करंगळीच्या मुळाशी टेकवला, वाकला. मग तळव्याच्या मध्यावर. मग दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला. मी शेजारी उभी राहून मोजत होते. पाचव्यांदा तंतू वाकला तेव्हा बाबा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "करा ना डॉक्टर सुरू."

डॉक्टर माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. त्यांनी तंतू पुसला आणि ठेवून दिला.

बाबांच्या उजव्या तळव्यावर तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढी जखम होती. नवे बूट घालून ते दिवसभर हिंडले होते आणि संध्याकाळी आईला मोज्यावर रक्त दिसलं. बाबांना पत्ताच नव्हता. त्याला सात आठवडे झाले होते. रोज ड्रेसिंग चालू होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "दुखतंय का?" बाबा सांगायचे, "छे, अजिबात नाही." आणि आम्हाला हायसं वाटायचं. आम्ही सात आठवडे एका वाईट बातमीनं सुखावत होतो.

निघताना डॉक्टर सहज बोलावं तसं बोलले, "मधुमेहात नस गेली की नुसतं दुखणं जात नाही. जखम भरून येण्याची ताकदसुद्धा कमी होते." पहिला भाग मला समजला. दुखलं नाही की माणूस जखमेवरच चालत राहतो आणि ती चिघळते, हे उघड आहे. पण दुसरा? जखम रक्तानं भरते, नव्या कातडीनं भरते. नसेचा तिथे काय संबंध? मज्जातंतू म्हणजे माझ्या डोक्यात निरोपाची तार होती. तार तुटली तर निरोप थांबावा, भिंतीची डागडुजी का थांबावी? त्या प्रश्नामागे मी कित्येक रात्री जागले. बाबांच्या खोलीतला दिवा विझला की माझा वाचनाचा दिवा लागायचा.

यातला पहिला धागा घरबसल्या हाती लागतो. हाताच्या आतल्या बाजूला पेनाचं टोपण जरा दाबून ओढा. काही सेकंदांत लाल रेघ उमटते. अर्ध्या-एक मिनिटात त्या रेघेच्या दोन्ही अंगांना, जिथे टोपण लागलंच नव्हतं तिथेही, लाली पसरते. जोर जास्त झाला असेल तर रेघ किंचित फुगते, गांधी उठल्यासारखी. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९२०च्या दशकात या तीन पायऱ्यांचा बारकाईनं अभ्यास केला. रेघ आणि फुगवटा समजण्यासारखे आहेत, मार तिथेच बसलेला असतो. पण ती पसरणारी लाली? लुईसना दिसलं, की ज्या भागाची नस तुटून तिचा तंतू पार वाळून गेला आहे, तिथे रेघ उमटते, फुगवटाही येतो, पण लाली पसरत नाही. आणि त्याहून विलक्षण म्हणजे, नस नुकतीच तुटली असेल, मेंदूशी नातं संपलं असेल, पण तंतू अजून जिवंत असेल, तर लाली पसरते. म्हणजे ती मेंदूच्या हुकमावर चालत नाही. त्वचेत शिरताना एका तंतूला अनेक फांद्या फुटतात. एका फांदीला धक्का बसला की खूण वर चढते आणि तिथूनच शेजारच्या फांदीत उलटी उतरते. उतरताना ती तिथल्या रक्तवाहिन्यांवर काहीतरी सांडते.

हे 'काहीतरी' काय, ते समजायला बराच काळ गेला. मजा अशी, की त्यातला एक पदार्थ तेव्हाच सापडलेला होता, फक्त भलत्याच ठिकाणी. १९३१ साली उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम या दोन संशोधकांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात असं काही मिळालं, की ज्यानं आतडं आकसतं आणि रक्तदाब उतरतो. त्याला पुढे नाव पडलं 'सब्स्टन्स पी'. हे नाव मला आवडतं. कुणाचं आडनाव नाही, ग्रीक देवता नाही, प्रयोगवहीतलं एक अक्षर, तेच कायम राहिलं. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षं तो नेमका काय आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं. संशोधक सुझन लीमन मेंदूतल्या दुसऱ्याच एका संप्रेरकाच्या शोधात होत्या. हाती आला लाळ सुटायला लावणारा एक अनोळखी पदार्थ. तो सब्स्टन्स पी निघाला, आणि १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली : ११ अमिनो आम्लांची एक छोटी माळ. असल्या माळा मज्जातंतूत तयार होतात म्हणून त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणायचं. त्वचेतली तिची जोडीदारीण जरा लांब आहे, ३७ मण्यांची. तिचं नाव सीजीआरपी. रक्तवाहिन्या रुंदावण्यात तिचा हात धरणारं फारसं कुणी नाही. माणसाच्या कातडीत तिची अगदी नगण्य मात्रा टोचली तरी लाली कित्येक तास टिकते.

मधला एक दुवा हंगेरीचा आहे. सेगेद इथले मिक्लोश यांचो आणि त्यांचे सहकारी मिरचीतल्या तिखट द्रव्यावर, कॅप्सेसिनवर, काम करत होते. प्राण्याला ते पुन्हापुन्हा दिलं की त्याचे वेदनेचे तंतू थकून निकामी होतात. मग अशा प्राण्याच्या कातडीला मोहरीचं झोंबरं तेल लावलं तर तिथे सूजच येत नाही! तेल तेच, कातडी तीच, रक्त तेच. थकली होती ती फक्त नस. हे काम १९६७ मध्ये, यांचो वारल्यानंतर, छापून आलं. दाहाची चार लक्षणं दोन हजार वर्षांपासून शिकवली जातात : लाली, सूज, उष्णता, वेदना. वेदना यात शेवटी येते, बाकी तिघींचा परिणाम म्हणून. यांचोंच्या प्रयोगात ती पहिली निघाली. कॅप्सेसिनची खूण ओळखणारी तंतूवरची कडी, म्हणजे एक ग्राही प्रथिन, डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये सापडली, आणि २०२१ चं नोबेल त्यांना अर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळालं.

पण या सगळ्यात मला ज्या गोष्टीनं सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं, ती वाहतुकीची. वेदनेच्या तंतूची मूळ पेशी पाठीच्या कण्याला लागून असलेल्या गाठीत बसलेली असते. पेप्टाइड तिथे तयार होतात. पायाच्या अंगठ्याला लागणारा माल तिथून निघतो, साधारण मीटरभर लांब आणि केसाहून कितीतरी बारीक अशा नळीतून, पुड्यांमध्ये बांधून. ही वाहतूक जोरात चालली तर दिवसाला साधारण ४० सेंटीमीटर. म्हणजे आज तुम्हाला ठेच लागली आणि बोट लाल झालं, तर त्या लालीचा माल दोन-अडीच दिवसांपूर्वी कण्याजवळून निघालेला असतो. ठेच लागायच्या आधीच. आणि कण्याजवळच्या त्या पेशीत बनणाऱ्या सब्स्टन्स पीचा मोठा भाग मेंदूच्या दिशेला जात नाही, खाली कातडीकडे जातो. निरोपाची तार असं जिला मी समजत होते, तिचं निम्म्याहून जास्त काम रसद पुरवण्याचं होतं.

मग बाबांचा पाय नव्यानं दिसायला लागला. मधुमेह लांब तंतूंना आधी गाठतो, म्हणून बधिरपणा पायांच्या बोटांपासून मोज्यासारखा वर चढतो. सर्वांत लांबचं गाव, रस्ता आधी तिथेच खचतो. बाबांना गेली दोन-तीन वर्षं पायांना मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची. मग ती आग आपोआप थांबली. त्यांना वाटलं, बरं झालं. मलाही तसंच वाटलं होतं. त्या वेळी विचारलं असतं तर, असं आता वाटतं, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच काय विचारायचं ते माहीत नव्हतं.

जखम होते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत तंतूंची टोकं आपला साठा मोकळा करतात. सीजीआरपीनं धमन्या रुंदावतात, रक्त धावतं. सब्स्टन्स पीनं बारीक वाहिन्यांच्या भिंती सैल होतात, रक्तद्रव बाहेर झिरपतो, त्याबरोबर पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. तंतूंना खेटून बसलेल्या मास्ट पेशी, १८७८ मध्ये पॉल एर्लिश यांनी आपल्या प्रबंधात ओळख करून दिलेल्या, खाज-सूज आणणाऱ्या रसायनांच्या आपल्या पोतड्या उघडतात. ही झाली सूज, जिला आपण शत्रू समजतो. पण काम इथे थांबत नाही. हीच पेप्टाइड पुढच्या दिवसांत कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना वाढायला लावतात, तळातल्या फायब्रोब्लास्टना, म्हणजे नवी ऊती विणणाऱ्या पेशींना, सरकायला लावतात, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करतात. भरून येणं म्हणतो ते हेच. तळातून लालसर, दाणेदार, ओलसर मांस वर येतं. त्यात नवे तंतूही आत शिरत असतात.

आणि थांबवण्याचं काम? तेही बऱ्याच अंशी यांच्याकडेच असावं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठातल्या मिकाएल मार्टिनो यांच्या गटानं 'नेचर'मध्ये दाखवलं, की उंदरांमधले वेदनेचे तंतू काढून टाकले तर कातडीची जखम आणि स्नायूची इजा, दोन्ही भरायला उशीर होतो. कारण सीजीआरपी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या साफसफाई करणाऱ्या पेशींना 'आता पुरे' असंही सांगते. गर्दी आवरते, मेलेल्या पेशी उचलून न्यायला लावते, मॅक्रोफेजना मोडतोडीकडून बांधणीकडे वळवते. हा निरोप पोचला नाही की जखम पहिल्याच पायरीवर अडकून पडते. ना धड पेटते, ना विझते. बाबांच्या जखमेचं वर्णन कुणी विचारलं असतं तर मी याच शब्दांत केलं असतं : कडा पांढुरक्या, तळ फिका, थोडी ओल, रोज तश्शीच. शिवाय मधुमेही जखमेत सब्स्टन्स पीचे तुकडे करणारं नेप्रिलायसिन नावाचं विकर (एन्झाइम) वाढलेलं असतं, हेही वाचलं. पुरवठा कमी, आणि जे थोडं पोचतं तेही वाटेत कापलं जातं.

वेदना नसलेल्या पायाचं काय होतं, हे कुष्ठरोगानं आधीच शिकवलं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी लोकांना पटवून दिलं, की रुग्णांची बोटं रोग 'खात' नाही. बधिर झालेल्या हातापायांना रोज नकळत होणाऱ्या इजांनी ती झिजतात. त्या वेळी पेप्टाइडची ही कथा अजून लिहिली गेली नव्हती. तरी त्यांनी जे केलं, योग्य पादत्राणं, रोजची तपासणी, भार हलका करणं, तेच आज बाबांसाठी डॉक्टर सांगतात.

हे सगळं वाचताना मी खाजवत होते, हे सांगायला हवं.

माझ्या दोन्ही कोपरांच्या लवणीत लहानपणापासून एक्झिमा आहे. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त, परीक्षेच्या आधी हमखास. बाबांच्या आजारपणात तो कधी नव्हे इतका उफाळला. एकाच घरात एका पायाला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं, आणि एका हाताला सुताचा स्पर्श सोसत नव्हता. बाबांकडे जे कमी पडलं होतं, ते माझ्याकडे उतू जात होतं. एक्झिमाच्या चट्ट्यात तंतूंची संख्या वाढलेली असते, सब्स्टन्स पी जास्त असतो. सोरायसिसचंही असंच काहीतरी आहे. अपघातानं किंवा शस्त्रक्रियेत एखाद्या भागाची नस तुटली आणि तिथला जुना चट्टा विरून गेला, संवेदना परत आली तसा चट्टाही परत आला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकात आहेत. पेप्टाइड चांगलं की वाईट, असं विचारून भागत नाही. किती, कधी आणि किती वेळ, असं विचारावं लागतं.

खाजवू नकोस, असं आई मला वर्षानुवर्षं सांगत आली. मला तो निव्वळ शिस्तीचा भाग वाटायचा. २०२५ च्या जानेवारीत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डॅनियल कॅप्लान यांच्या गटाचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी काही उंदरांच्या गळ्याला पट्टे घातले, कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर घालतात तसे, म्हणजे खाज सुटली तरी नख पोचू नये. ॲलर्जी तीच, पण न खाजवणाऱ्यांच्या कानाला सूज कितीतरी कमी. नख लागलं की वेदनेचे तंतू सब्स्टन्स पी सोडतात. मास्ट पेशींना ॲलर्जीनं एका दारातून डिवचलेलं असतंच, सब्स्टन्स पी दुसऱ्या दारातून डिवचतो, आणि आग दुप्पट भडकते. खाजवण्याची एक बाजू चांगलीही निघाली, त्या त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जिवाणू कमी झाले. तरी माझ्यासारखीच्या कोपरावर हा सौदा परवडत नाही. तेव्हापासून मी तिथे गार ओलं फडकं दाबून धरते. नेहमी जमतं असं नाही. रात्री झोपेत हात आपोआप जातो.

मग साहजिकच मनात येतं, हे पेप्टाइड मलमात घालून बाबांच्या पायाला का नाही लावायचे? मधुमेही उंदरांच्या जखमा सब्स्टन्स पीनं लवकर भरल्या आहेत, जखमेत टिकून राहील असं घडवलेल्या सीजीआरपीनंही भरल्या आहेत. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उंदराची जखम आकसून मिटते. माणसाची तळातून भरते. फरक आहे." शिवाय ही माळ कातडीत काही मिनिटांत तुटते, आणि जास्त झाली तर खाज, सूज, जाड वळ. उलट दिशेनं, म्हणजे सब्स्टन्स पीची वाट अडवून खाज थांबवायची, हाही प्रयत्न झाला. सर्लोपिटंट नावाचं औषध त्यासाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि २०२० मध्ये तिथे अपयशी ठरलं. एक दार बंद केलं तर शरीराकडे दुसरी असतात. मला निराशा वाटली, पण डॉक्टरांवर राग आला नाही. त्यांनी बाबांच्या पायाला भार उचलून धरणारं प्लास्टर घातलं, साखर आवळली, मेलेली कातडी दर आठवड्याला खरवडून काढली. पाच महिन्यांनी जखम मिटली. त्यात कुठलंही नवं औषध नव्हतं. संवेदना परतली नाही.

त्या पाच महिन्यांतली तिसऱ्या महिन्यातली एक रात्र मात्र सांगायची राहिली.

मी १९९५ चा एक अभ्यास वाचत होते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांचा. त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका निवडल्या, आणि त्यांच्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर, कोपराच्या जरा खाली, साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तीनच वर्षांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर असंच मोजमाप झालं. टाळूवरची तेवढीच जखम परीक्षेच्या तोंडावर ४० टक्के जास्त दिवस घेते, सुट्टीत घेते त्यापेक्षा. यामागे ताणात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा हात मोठा आहे, सगळं श्रेय पेप्टाइडना देता येणार नाही. पण ताणाचा हुकूम सोडणारं मेंदूतलं संप्रेरक सीआरएच, तेही पेप्टाइडच, त्वचा स्वतःसुद्धा बनवते. गर्भात त्वचा आणि मज्जासंस्था एकाच बाह्य थरातून घडतात. वेगळ्या झाल्या तरी बोली एकच राहिली असावी.

१३ बायका, हे वाचलं आणि मी थांबले. बाबांचं ड्रेसिंग कापताना आईच्या बोटाला कात्री लागली होती. मी ओझरतं पाहिलं होतं, पट्टी लाव म्हणाले होते. कधीची गोष्ट ती? बोटांवर मोजून पाहिलं. तीन आठवडे होत आले होते.

ती जागीच होती. बाबांच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती, ते रात्री उठून प्लास्टरवर पाय टेकतील म्हणून. मी तिचा हात हातात घेतला. पट्टीच्या कडा मळून काळ्या झाल्या होत्या. सोडवली तर आतली कातडी पाण्यात भिजल्यासारखी पांढरी, आणि मध्ये चीर अजून उघडी.

"कधीपासून आहे गं असं?"

"असेल काही दिवस. कुणाला वेळ आहे मोजायला?"

मी चिरेच्या कडेला बोट टेकवलं, अगदी हलकं. तिनं हात झटक्यानं मागे ओढला.

"दुखतंय?"

"म्हणजे काय! दुखणारच ना."

मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसले. तिला काही समजलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. जखम धुतली, कोरडी केली, नवी पट्टी लावली. उद्यापासून बाबांचं ड्रेसिंग मी करीन, रात्री मी बसेन, म्हणून सांगितलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. थोड्या वेळानं उठली, आणि जाता जाता कात्री कुठल्या खणात ठेवली आहे तेवढं सांगून गेली.